माझ्यापायी कशाला

माझ्या सासऱ्यांचं, नानांचं, एक वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. काँक्रीट कापायचं मशीन मधेच थांबलं, तेवढ्यात ते दारात येऊन म्हणाले, "माझ्यापायी कशाला गं एवढी फोडाफोड?" आणि काठी टेकत खोलीत निघून गेले. मी दाराखालून वाहत येणारा राखाडी चिखल जुन्या टॉवेलने अडवत होते. काही बोलणार, तोवर मशीन परत सुरू झालं.

रागाने बोलले असते तर मी समजावलं असतं. ते अगदी साध्या आवाजात बोलले, पावसात भिजू नकोस म्हणावं तसं. म्हणूनच ते जास्त लागलंय.

ठरवलं तेव्हा काम सरळ वाटलं होतं. नानांना आता जिना चढवणार नाही, खाली बाथरूम हवी, आणि खाली जागा म्हणजे एक युटिलिटी रूम. तिथे कोपऱ्यात बोअरची प्रेशर टाकी उभी. मला वाटायचं, टाकी उचलायची आणि पलीकडे ठेवायची. पण या घराला तळघर नाही, सगळं घर काँक्रीटच्या ओट्यावर बसलंय. बोअरचा पाइप अंगणातून तीन फूट खोलवरून येतो (त्याच्या वर घेतला तर न्यू जर्सीच्या थंडीत गोठतो), पायाखालून आत शिरतो आणि काँक्रीटखालून जाऊन त्या कोपऱ्यात वर निघतो. नेमका जिथे निघतो, तिथेच शॉवरचा ड्रेन येणार. टाकी गॅरेजमध्ये न्यावी, तर जानेवारीत तिथे बादलीत बर्फ होतो. पाइप वर उचलून छतातून न्यायचा म्हटलं, तरी तो जमिनीतून वर येणारा तुकडा मधे उभाच राहतो. शेवटी जिन्याखालचं कपाट ठरलं. म्हणजे दिवाणखान्याची कड धरून जमीन कापायची.

प्लंबर माणूस चांगला आहे, विचारलं की हातातलं काम थांबवून सांगतो. जुना पाइप तांब्याचा, थेट काँक्रीटला चिकटलेला. वरचा तुकडा कापला तेव्हा बघितलं, बाहेरून हिरवा पडला होता आणि एका जागी दाभणाच्या टोकाएवढा खड्डा. आज ना उद्या गळलाच असता, आणि काँक्रीटखाली गळला असता तर कळलंही नसतं. फक्त कोणी पाणी वापरत नसताना पंप उगाच सुरू होत राहिला असता. नवा पाइप पेक्सचा, म्हणजे वाकणाऱ्या प्लास्टिकचा, मोठ्या पाइपच्या आत सरकवलेला, अंगणातल्या जोडापासून कपाटापर्यंत सलग. काँक्रीटखाली एकही जोड नाही. जुना तिथेच राहील, दोन्ही तोंडं बंद करून.

हे सगळं मी नानांना सांगायला हवं होतं, असं अभय म्हणतो. सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे हो, असं आपण धरून चालतो.

रात्री झोप नाही. एकदा वाटतं, ते म्हणतायत की मी तुम्हाला जड झालोय. मग वाटतं, तसं नाही, त्यांना परत गावी, दहिवडीला जायचंय आणि हा त्याचाच एक सूर आहे. ताईंचा फोन परवा तासभर चालला होता, आत दार लावून. तो विषय आज नको.

आणि मग, खरं सांगायचं तर, माझंच रडू यायला लागलं. टाउनशिपचं परमिट मी काढलं. पाणी बंद राहणार म्हणून आदल्या रात्री टब, पातेली, कुकरसुद्धा मी भरून ठेवले. फ्लशला बादल्या मी ओतल्या. घरभर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक मी लावलं, काँक्रीट उघडलं की खालून रेडॉन, म्हणजे जमिनीतला किरणोत्सारी वायू, वर येतो म्हणून नंतर कडा बुजवून घ्यायची यादीही मीच केली. एवढं करून कानावर काय, तर कशाला. रिया म्हणाली, आई, यू आर टेकिंग इट टू पर्सनली. मग कशी घेऊ?

पहाटे मात्र दुसरंच मनात आलं. दहिवडीकडे, माण तालुक्यात पाऊस कसा असतो ते मी लग्नानंतर पाहिलं, त्याआधी फक्त बातम्यांत वाचलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात नाना विशीतले होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलंय, तेही ताक घुसळता घुसळता, मी विचारलं म्हणून. त्यांच्या वडिलांनी घराच्या मागे विहीर खणली, खडक लागला, सुरुंग लावले, पाणी लागलं नाही. तो खड्डा अजून आहे. नाना आजही साबण लावताना नळ बंद करतात. हे पाणी आपल्याच बोअरचं, बिल येत नाही, हे मी सांगून पाहिलंय. ते म्हणतात, बिल येत नाही म्हणून काय झालं.

अशा माणसाच्या घरात त्याच्या एकट्याच्या आंघोळीसाठी जमीन कापतायत, मोठाल्या मशीनने, दिवसभर पाणी ओतून. त्यांना काय वाटलं असेल ते मला तंतोतंत कळणार नाही. न कळताही बाथरूम तर बांधावीच लागणार. हे एवढं मनात आलं आणि डोळा लागला.

आज दुपारी नवी टाकी बसली. चव्वेचाळीस गॅलनची, निळी, माझ्या कमरेएवढी. पंपाची वायर आणि प्रेशर स्विचही तिच्यासोबत कपाटात आले. स्विच टाकीपाशीच लागतो, लांब ठेवला तर पंप धडधड चालू-बंद होत राहतो. प्लंबरने रिकाम्या टाकीच्या डोक्यावर गाडीच्या टायरला लावतात तो गेज लावला. नाना आपणहून बाहेर आले. खुर्ची मागून घेतली आणि कपाटासमोर बसले.

"हवा कशाला भरतोय?"

मी सांगितलं, आत रबराची पिशवी आहे, पिशवीत पाणी, भोवती हवा. पंप चाळीस पौंड दाबाला सुरू होतो, साठला बंद होतो, म्हणून हवा चाळीसच्या दोन खाली, अडतीस. हवा पाणी ढकलते, म्हणून नळ सोडला की दर वेळी पंप लागत नाही.

"मग एवढ्या टाकीत पाणी किती मावतं?"

"वापरायला बारा-एक गॅलन."

नानांनी हिशोब केला. "म्हणजे तीन बादल्या." जरा वेळाने, "लाइट गेली की तेवढंच?"

"तेवढंच."

"मग दोन बादल्या भरून ठेवत जा." आता एवढा खर्च करून घरात भरलेल्या बादल्या ठेवायच्या. ठेवीन.

पंप लावला, काटा चढत साठपर्यंत गेला आणि स्विच टक्कन बंद झाला. नाना काठी टेकून उठले, वाकले, आणि बोटाच्या पेराने टाकीवर वरपासून खालपर्यंत ठोकत गेले. वर खणखणीत, पोकळ. मधल्या शिवणीच्या खाली आवाज एकदम बसला. तिथे बोट ठेवून त्यांनी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरने अंगठा वर केला. तोही असंच ठोकून बघतो म्हणे, टाकीची पिशवी फाटली की वरही बद्द वाजतं.

मग ते युटिलिटी रूममध्ये गेले, रिकाम्या कोपऱ्यात उभे राहिले. भिंतीवर पेन्सिलने शॉवरच्या खुणा केल्यात, त्या बघितल्या. खुणा त्यांच्या डोक्याच्या वर.

"हे असं वरून पाणी मला नको," म्हणाले. "डोळ्यात जातं. पाटावर बसून तांब्याने घेईन. नळ खाली पाहिजे, बादली बसेल एवढा."

मी प्लंबरला थांबवून सांगितलं. त्याने बादलीची उंची विचारली. नानांनी स्वतः बादली आणून ठेवली, काठी मला धरायला देऊन. त्याने टेप लावून मोजलं आणि भिंतीवर नवी खूण केली. भिंत अजून उघडी आहे, त्यामुळे पाइप वळवायला अडचण नाही म्हणाला. ब्लीच टाकून लाइन धुतली आहे, सोमवारी नमुना लॅबला द्यायचा, तोवर प्यायला बाटलीचं पाणी. दिवाणखान्यातला चर उद्या भरतील. पाट मात्र इथे कुठे मिळणार, ते बघायला हवं. इथल्या एडिसन गावातल्या दुकानात मागच्या दिवाळीला पाहिल्यासारखे वाटतात, पण ते चौरंग होते की पाट, आठवत नाही.