तुरुंगाची जरब नेमकी कोणाला?

आमच्या सोसायटीत पहाटे मोटारी धुवायला येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा 2019 च्या पावसाळ्यात दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात पकडला गेला आणि त्यानंतर तीनेक आठवड्यांनी त्याची आई माझ्या दाराशी आली. जामीन मंजूर झाला होता, पण पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नव्हता. वकिलांनी लिहून दिलेला कागद तिने दुधाच्या पिशवीत घालून आणला होता. आधार कार्ड, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, नोकरी असल्यास पगाराचा दाखला, अशी त्यावर यादी होती. "दादा, तुमच्याकडं हे सगळं असंल," एवढेच ती म्हणाली. माझ्याकडे ते सगळे होते. घरात विचारून सांगतो, असे मी म्हणालो आणि दोन दिवसांनी जमणार नाही म्हणून कळवले. मुलगा तारखेला हजर राहिला नाही तर पैसे भरावे लागतील, ही भीती होतीच. पण खरे सांगायचे तर न्यायालयाच्या कागदावर आपले नाव कायमचे राहील, ही कल्पनाच मला सोसवेना. तो मुलगा सात महिने आत राहिला. शेवटी सासवडकडच्या एका गावातून त्याचा मामा सातबारा घेऊन आला, तेव्हा सुटला.

तुरुंगाच्या भीतीने गुन्हे थांबतात का, या विषयावर बोलताना मला प्रथम माझीच ही टाळाटाळ आठवते, कारण तुरुंगाची जरब किती असू शकते हे मी तेव्हा स्वतःवरून पाहिले. ज्याने काहीच केलेले नाही, करण्याची शक्यताही नाही, अशा माणसाला नुसत्या कागदाने धडकी भरते. नोकरी, अब्रू, शेजाऱ्यांची नजर, मुलीचे स्थळ, एवढे सगळे ज्याच्यापाशी गमावण्यासारखे असते त्याला कोठडीतली एक रात्रही पुरते. आणि असा माणूस दुचाकीचे हँडल लॉक तोडायला जात नाही. ज्यांच्यासाठी ही भिंत बांधली, त्यांना ती किती उंच दिसते, हा वेगळा प्रश्न आहे.

सुटल्यावर तो पुन्हा मोटारी धुवायला आला नाही. सोसायटीने तोवर दुसरा माणूस ठेवला होता. वर्षभराने तो मार्केट यार्डात टेम्पोवर भेटला. मी ओशाळलो होतो, तो मात्र मोकळेपणाने बोलला. त्याच्या खटल्याबद्दल मी विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही, कारण ते न्यायालयाने ठरवायचे आहे. बराकीत भेटलेल्या इतर मुलांविषयी मी विचारले, की चोरीला शिक्षा किती असते हे त्यांना ठाऊक होते का? तो हसला. "काका, ते कलम वकील सांगतो तेव्हा कळतं." त्या वेळच्या दंड संहितेच्या कलम 379 प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास होता, नव्या न्याय संहितेतही साध्या चोरीला तेवढाच आहे, पण बाहेर असताना ही तीन वर्षे त्यांच्या हिशेबात नव्हतीच. हिशेबात एकच गोष्ट होती: आधीच्या सात-आठ गाड्या उचलल्या तेव्हा कोणी विचारायला आले नव्हते. उद्या त्या कलमात तीनच्या जागी दहा वर्षे लिहिली, तरी या हिशेबातला एकही आकडा हलणार नाही.

हे मी काही नवे सांगत नाही. इटलीतल्या मिलान शहराच्या चेझारे बेक्कारियाने 1764 सालीच असे मांडले होते, की गुन्ह्याला आवर बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने बसत नाही, ती चुकणार नाही या खात्रीने आणि ती लवकर मिळण्याने बसतो. पुणेकराला ही गोष्ट समजण्यासाठी इटलीपर्यंत जायचीही गरज नाही. चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, पावतीपुस्तक किंवा यंत्र घेऊन उभे असतील तर उलट्या दिशेने आलेला दुचाकीस्वार शंभर फुटांवरूनच उतरून गाडी ढकलत नेतो. मामा नसतील तेव्हा दंड किती वाढला आहे हे त्याला माहीत असूनही तो तशीच दामटतो. (मीही एकदोनदा दामटली आहे, हे नाकारत नाही.)

तरीही प्रत्येक भयंकर घटनेनंतर आपली पहिली मागणी शिक्षा वाढवण्याचीच असते. त्यामागचा संताप मला समजतो, पण ती मागणी सरकारला परवडते म्हणून इतक्या सहज मान्य होते, असेही मला वाटते. कायद्यातला आकडा बदलायला खर्च येत नाही. तपासी अंमलदारावरचा बंदोबस्ताचा भार कमी करणे, पंचनामा नीट होणे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत मिळणे, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणे, यांना पैसा आणि वर्षे लागतात, आणि खात्री मात्र यांतूनच येते.

आपल्याकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, कारण आपल्या तुरुंगांत शिक्षा भोगणारे लोक थोडेच असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 जण न्यायाधीन, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी, होते. एकूण जागा होत्या 4,36,266. चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, आणि त्यांतले कित्येक माझ्यासारख्या कोणाची सही मिळाली नाही म्हणून आत आहेत. 1978 साली मोती राम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरिबाकडे दहा हजारांचा जामीनदार मागण्यावर आणि जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारण्यावर कडक शब्दांत टीका केली होती. त्याला चार दशके उलटून गेल्यावर माझ्या दारात दुधाच्या पिशवीतून ती यादी आली. अशा तुरुंगाने वस्तीतल्या पोरांना कोणता धडा द्यायचा? गुन्हा केला तर आत जाल, हा धडा तिथे कोणी घेत नाही. जामीनदार नसेल तर आत जाल, हे मात्र प्रत्येकाला पाठ असते.

ज्यांच्यापाशी जामीनदारांची वाण नसते, त्यांची गोष्ट उलटीच आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये तळोजा कारागृहातून सुटलेल्या पुण्यातल्या एका गुंडाची शेकडो मोटारींची मिरवणूक द्रुतगती मार्गावरून निघाली होती, आणि तिची चित्रफीत आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली. तडीपारी, मोक्का, स्थानबद्धता हे शब्द ज्या वयातल्या मुलांनी घाबरून ऐकावेत, त्या वयातली मुले ते स्टेटसला लावतात. तिथे 'आत जाऊन आलेला' ही पदवी ठरते. टेम्पोवरचा आमचा मुलगा आत काय करत होता, असे विचारल्यावर म्हणाला होता, "करणार काय? एकमेकांच्या केसा ऐकायच्या." कोण कसा सापडला, म्हणजे पुढच्या वेळी काय टाळायचे, याची शिकवणी सात महिने फुकट मिळते.

तुरुंग निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कोयता घेऊन फिरणारा निर्ढावलेला माणूस दोन वर्षे आत असेल तर ती दोन वर्षे त्याच्या गल्लीतली दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, आणि त्या दुकानदाराला जरबेचा सिद्धांत ऐकवायला मी धजणार नाही. पण ते अटकाव करणे झाले, जरब बसवणे नव्हे, आणि या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो. अटकाव ठरावीक लोकांना लागतो. त्यासाठी पाच लाखांवर माणसे कोंडावी लागत नाहीत. पहिल्यांदाच सापडलेल्याने पाच हजारांच्या आतल्या चोरीतली वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आहे, तिचा वापर किती होतो ते पाहायला हवे. आणि भिंतीविना कैदी पळून जातात, अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची आठवण ठेवावी. औंध संस्थानाने 1939 मध्ये सुरू केलेल्या त्या खुल्या वसाहतीत बंदी शेती करत राहतात, कुटुंबासह राहतात; व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरच बेतलेला होता. चित्रपट आपण डोक्यावर घेतला, वसाहती मात्र फार वाढवल्या नाहीत.

तो मुलगा आता स्वतः टेम्पो चालवतो. परवा सोसायटीत कोणाचे तरी सामान हलवायला आला होता. गुरुवारी यायला जमेल का, असे शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा म्हणाला, गुरुवारी तारीख आहे, शुक्रवारी येतो. मागच्या तारखेला पंच आला नव्हता.