खिशातला लाकडाचा तुकडा

आज पार्किंगसाठी सुट्टे शोधताना जॅकेटच्या खिशात ॲशच्या लाकडाचा तुकडा हाताला लागला. बोटभर लांब, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या, कडेला सरस ओघळून वाळलेला. मागच्या शनिवारी इंग्लंडमधल्या माल्व्हर्न लिंकला मॉर्गन गाड्यांच्या कारखान्यात गेलेलो, तेव्हा सुतारखात्यात खाली पडलेला, विचारून उचलला होता. विसरलो पण होतो. आता टेबलावर ठेवलाय आणि दुपारपासून एक मेल धड लिहून झालेला नाही.

खरं तर गाड्या बघायला गेलेलो. मॉर्गनची चेसिस लाकडाची असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, पारंपरिक चारचाकीची चेसिस १९३६ पासून २०२० पर्यंत स्टीलची होती आणि आता ॲल्युमिनियमची, पण तिच्यावर बसणारा बॉडीचा सांगाडा आजही ॲशचाच, हाताने केलेला. मागच्या चाकावरची कमान करायला पट्ट्यांना सरस लावून साच्यात घालतात आणि शिकंजे आवळतात. तो माणूस एकदम आवळत नव्हता, डावा थोडा, मग उजवा, परत डावा, आणि मधेच अंगठ्याने ओघळ पुसायचा. अंगठा मग पँटला. अण्णा, माझे वडील, शेडमध्ये खुर्च्या करताना अगदी तस्संच पुसायचे.

तिथून पुढे मला गाड्या नीट दिसल्याच नाहीत.

गाईड सांगत होता की एचएफएस मॉर्गनने १९०९ मध्ये पहिली तीनचाकी केली, वडील पाद्री, पोरगं रेल्वेच्या कारखान्यात शिकून आलेलं, गाडीचं वेड घेऊन बसलं तर वडिलांनी पैसे घातले. १९१० ला लंडनच्या ऑलिम्पियातल्या मोटार प्रदर्शनात नेली, एकाच सीटची म्हणून फारशा ऑर्डर आल्या नाहीत, मग दोन सीटची केली आणि चाललं. तिथे बापाने पोराच्या कामात पैसे घातले. अण्णांनी माझ्याकडे बँडसॉपुरते, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनपुरते, पैसे मागितले होते आणि मी त्यांना एक्सेल शीट पाठवली.

महिन्याला खुर्च्या किती, लाईट बिल किती, माणूस किती तास. "अण्णा, एकतर वाढवा नाहीतर बंद करा." ते "बरं" म्हणाले. नुसतं बरं.

१९९० मध्ये बीबीसीवर सर जॉन हार्वी-जोन्सनी मॉर्गनलाही असंच सांगितलं होतं, उत्पादन वाढवा, पद्धत बदला. आयसीआयसारखी मोठी रसायन कंपनी चालवलेला माणूस, चुकीच्या हेतूने बोलला नसणार. एचएफएसचे चिरंजीव पीटर मॉर्गननी ऐकून घेतलं आणि बरंचसं बाजूला ठेवलं. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट होती, नाही म्हणता आलं. अण्णांकडे काय होतं? मीच होतो. आणि माझ्याच सांगण्यावरून शेडला कुलूप लागलं. हेच परत परत मनात येतंय, आणि इथे कुणाशी बोलणार, ऑफिसात सांगितलं तर छान ट्रिप झाली म्हणतील. दादाशी तर तो विषयच नको.

संध्याकाळी जरा शांतपणे विचार केला. बँडसॉ घेऊनही शेड चालली असतीच असं नाही, त्यांचे गुडघे तेव्हाच गेलेले. मॉर्गनची पण बहुतांश मालकी २०१९ मध्ये घरच्यांकडून इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या गुंतवणूक कंपनीकडे गेली, तरी ॲशचा सांगाडा राहिला. पैसे द्यायला हवे होते, हे काही बदलत नाही. मशीन धूळ खात पडली असती तरी द्यायला हवे होते.

आईला फोन केला, अण्णांचा छोटा रंधा कुठंय विचारलं. म्हणाली शेजारच्या पोराने मखर करायला नेला तो गणपती होऊन गेले तरी आणला नाही, उद्या मागून घेते.

म्हटलं मागू नकोस. पात्याला तेवढी धार लावून घे म्हणावं, अण्णा श्रावण संपायच्या आत लावायचे.