रामनदीवरची आजची सकाळ

आज सकाळी साडेसहालाच पुण्यातल्या रामनदीवर पोचलो, महिन्यातनं एकदा आमचा ग्रुप पाणी तपासतो त्यासाठी. सुरुवात वर खाटपेवाडीच्या बाजूला, मग भूगाव, बावधन करत खाली पाषाणपर्यंत. वरच्या बाजूच्या पाण्याच्या बाटलीत ऑक्सिजन तपासायच्या दोन केमिकलचे थेंब टाकले तर छान तपकिरी गाळ बसला, म्हणजे पाण्यात ऑक्सिजन आहे, आणि खाली पुलापाशी तेच थेंब टाकले तर गाळ पांढराफटक! पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, माशांना लिटरमागे निदान 4-5 मिलिग्रॅम तरी लागतो हो, कसं जगायचं त्यांनी?

तिथला एक दगड उलटा केला तर खाली लालभडक अळ्या वळवळत होत्या, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून असल्या पाण्यातही तग धरतात. वर मात्र दगडाखाली मेफ्लाय नावाच्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं दिसली होती, ती घाण पाण्यात टिकतच नाहीत. नदी एकच, मधे फक्त काही किलोमीटर आणि आपलं सांडपाणी. फार वाईट वाटलं खरंच.

शेजारून जाणाऱ्या एक आजी थांबल्या, बाटलीकडे बघत म्हणाल्या, "आम्ही इथनं प्यायला पाणी न्यायचो रे बाळा." काय बोलणार, नुसती मान हलवली.

पुढच्या महिन्यात परत जातोय, कोणाला यायचं असेल तर सांगा, गमबूट आहेत जास्तीचे.