मे महिन्यात बघायची बाग

बागेचा आराखडा करून घ्यायला माझ्याकडे नवं गिऱ्हाईक आलं की आधी मोबाइल पुढे करतं. त्यात बालीचं एखादं हॉटेल असतं, इंग्लंडमधलं गुलाबांचं कुंपण असतं आणि हमखास एक जपानी बाग असते: लाकडी पूल, गोटे, खाली हिरवंगार शेवाळ. मी सगळं बघते, छान म्हणते आणि विचारते, मे महिन्यात एक अख्खा दिवस काढाल का? आपण बागा बघायला जाऊ.

लोकांना ही थट्टा वाटते. बागा बघायच्या त्या जानेवारीत, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला, अंगात स्वेटर घालून. पण जानेवारीत पुण्यात कुणाचीही बाग बरी दिसते. त्यातून शेवंती नि पिटुनियाच्या कुंड्या उरुळी कांचनकडून टेम्पो भरभरून येत असतात. पावसाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने बागेला आपल्या पाण्यावर काढायचे असतात. त्यातला सगळ्यात वाईट महिना आधी डोळ्यांनी बघावा, एवढंच माझं म्हणणं.

यंदा बावधनचं एक जोडपं तयार झालं. रो-हाउसच्या मागे बाराशे चौरस फूट जागा. बिल्डरने राडारोडा भरून त्यावर चार बोटं लाल माती पसरलेली. ही लाल माती म्हणजे आमच्या धंद्यातली पावडर-लिपस्टिक. पहार मारली की खाली टाइल्सचे तुकडे आणि सिमेंटच्या गोण्या. यजमानांना जपानी बाग हवी होती, हिरवळीसकट. ताईंना काय हवं ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नसावं.

सकाळी सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतलेलं. मूळ बागेचं काम तिथल्या सरदाराने 1687 मध्ये सुरू केलं आणि ते 1700 मध्ये पुरं झालं. तिथे थोडाफार का होईना, बाराही महिने पाऊस असतो. आपली बाग 10 एकरांची, म्हणजे सुमारे 4,35,000 चौरस फूट. हा आकडा मी यजमानांना सांगितला, तरी ते पुलाची रुंदी पावलांनी मोजत राहिले. मी म्हटलं, पूल सोडा, वाट बघा. कुठेही उभे राहिलात तरी बाग सगळी दिसत नाही. वळण घेतलं, उंचवटा मागे पडला, की पुढचं दिसतं. घरी न्यायचं असेल तर हे वळण न्या. बाराशे फुटांतही मागची भिंत एका झुडपाआड लपवता येते आणि जागा दुप्पट वाटते. त्याला पूल लागत नाही.

एवढ्यात फोटो काढायला ते हिरवळीवर उतरले आणि रखवालदाराने शिट्टी मारली. मला ती शिट्टी फार आवडते. दहा एकरांच्या बागेतली हिरवळ राखायला माळी लागतात, पाणी लागतं आणि वर शिट्टीवाला माणूस लागतो. तुमच्याकडे लहान मुलगा आहे, लॅब्रॅडोर आहे आणि एप्रिलपासून सोसायटीत टँकर येतो. शिट्टी कोण मारणार?

पुढे जाणार तोवर सकाळची वेळ संपली. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. माणसाला सावली हवी असते नेमकी तेव्हा फाटकाला कुलूप. हे कुणाच्या डोक्यातून निघालं कुणास ठाऊक.

एम्प्रेस गार्डन मात्र दुपारी उघडं असतं, म्हणून टळटळीत उन्हात तिकडे. बाग अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे आहे, संस्था 1830 ची. 39 एकर, आणि झाडं अशी की खाली उभं राहिलं की घाम वाळतो. यजमान म्हणाले, ‘‘पण इथे डिझाइन कुठे आहे?’’ प्रश्न रास्त होता. मी पायाने पाचोळा बाजूला केला आणि खालची माती त्यांच्या हातात दिली. काळी, ओलसर, बोटांत चुरडली की भुसभुशीत. वर उंच झाड, त्याखाली अर्ध्या सावलीची झुडपं, त्याखाली पाचोळा आणि त्याखाली ही माती. बावधनला एवढे थर जमणार नाहीत, पण मोठं झाड एक तरी हवं. ते कोणतं यापेक्षा कुठे, हे आधी ठरवायचं.

ते ‘कुठे’ दाखवायला मी माणसांना प्रभात रोडच्या एका गल्लीत नेते. जुना बंगला, मागे बाग, एकटे राहणारे काका आणि आठवड्यातून दोनदा येणारे माळीमामा. सार्वजनिक बागेत मेलेलं झाड रातोरात उचलून तिथे दुसरं लावतात. घरगुती बागेचा मालक मेलेल्या झाडांचीही नावं सांगतो, म्हणून मला ही बाग हवी असते.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन पश्चिमेला कललं होतं. कोपऱ्यात नळ, नळाखालच्या चिखलात सोनटक्का. न्हाणीघराच्या पाण्यावर केळ नि अळू. कुंपणाला कामिनी, भिंतीकडेला देवचाफा, त्यामागे पाचोळ्याचा खड्डा. पश्चिमेला सोनचाफा आणि त्याच्या सावलीत एक साधं दगडी बाकडं. ताई त्यावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी काही विचारलं, ‘‘काका, या वेळेला इथे सावली येते, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?’’

‘‘कुठलं माहीत!’’ काका म्हणाले. ‘‘आधी इथे पारिजातक होता. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबलं, गेला. मग अनंत लावला, तो पिवळा पडत पडत गेला. बोअरचं पाणी जड, त्याला सोसत नाही. मग जमीन उतरती करून घेतली आणि हिने सोनचाफा आणला. बाकडं आधी पलीकडे होतं, उन्हाच्या मागे मागे सरकवत इथवर आलं.’’

ताईंनी मोबाइल काढला. मला वाटलं फोटो. तर त्या मेलेल्या झाडांची यादी टिपून घेत होत्या, कारणासकट. इतक्या वर्षांत असं करणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. शिकून आलेले ज्युनिअरसुद्धा फोटोच काढतात.

मग काकांनी कोकम सरबत आणलं आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की बंगला रिडेव्हलपमेंटला दिलाय, दिवाळीनंतर पाडणार. मुलं बाहेर, जिने झेपत नाहीत, लिफ्टचं घर मिळेल. हे मलाही तेव्हाच कळलं.

यजमान क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मग ही झाडं आम्हाला द्या ना. क्रेनचा खर्च माझा.’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काका मात्र ग्लास गोळा करायला लागले.

झाड हलवणं म्हणजे काय, हे लोकांना क्रेनच्या व्हिडिओंवरून कळलेलं असतं. आधी एका बाजूने चर खणून मुळं छाटायची, नवी तंतुमुळं फुटायला काही महिने द्यायचे, मग दुसरी बाजू. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोणपाटात आवळून बांधायची. ती वाटेत फुटली की खेळ संपला. कामिनी हे सोसते. देवचाफ्याची तर फांदी तोडून, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवली तरी लागते. सोनटक्क्याचे कंद पिशवीतून नेता येतात. सोनचाफ्याला मात्र मुळं डिवचलेली खपत नाहीत. मांसल मुळं, तुटली की कुजतात. एवढं जुनं झाड उपटून लावलं तर पहिल्या पावसात पालवी फुटेल, क्रेनवाला तिचा फोटो काढून बिल लावेल आणि पुढच्या उन्हाळ्यात खांब उरेल. असे खांब मी पुष्कळ पाहिलेत. तरी यजमान कुणाकडून तरी ‘गॅरंटी’ घेऊन आले, सहा महिन्यांची. सहा महिने तर तोडलेलं लाकूडही हिरवं राहतं.

काकांनी पुढच्या आठवड्यात स्वतःच फोन केला. म्हणाले, बाकी सगळं ने, पण आधी माळीमामांना ने. त्यांचं इथलं काम जाणार. मामा बावधनला आले, दोन बस बदलून. चार जागी पहार मारली आणि ताईंना म्हणाले, ‘‘बाई, झाडं मागनं. आधी हे समदं उपसा.’’ मी हेच सांगितलं होतं तेव्हा यजमानांनी कोटेशन मागितलं होतं. मामांनी सांगितल्यावर ट्रॅक्टर आला. दोन फूट खोदून गाळमाती भरली, वर काकांच्या खड्ड्यातलं पानखत. आराखडा माझा आहे, म्हणजे कागदावर माझं नाव आहे. खरं तर ताईंनी आधी बाकड्याची जागा ठरवली. त्यासाठी त्या आठवडाभर संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची सरकवत होत्या. मग तिच्या पश्चिमेला कमरेएवढं सोनचाफ्याचं कलम लावलं. हिरवळ नाही. पूलही नाही.

अडकलंय ते जुन्या सोनचाफ्यापाशी. 1975 च्या झाडांच्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते पाडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडांना हेरिटेज म्हणून जास्त संरक्षण मिळालं, पण हे चाळिशीतलं. इमारतीच्या नकाशात तिथे पार्किंगचा रॅम्प आहे. मी नकाशा पाहिला. रॅम्प तीन मीटर सरकला असता, पण नकाशा काढणाऱ्याने प्लॉटवर झाड आहे की नाही हे बघितल्याचं दिसत नाही. आमच्याकडे आर्किटेक्ट बागेचं बघायला बोलावतात तेच मुळी रंगकाम सुरू झाल्यावर.

परवा खोडावर झाड पाडायच्या अर्जाची नोटीस डकवली. काकांनी तिचा फोटो पाठवलाय आणि खाली विचारलंय, ‘‘हरकत कोण घेऊ शकतं गं?’’ कोणीही घेऊ शकतं, मीसुद्धा. पण अर्ज प्लॉटच्या मालकाच्या नावाने आहे. त्यावर सही काकांचीच आहे.