कपडे घालताना शेवटची ओढ तिला ओढू दे

आमची लेक अडीच वर्षांची आहे आणि सध्या दिवसभर "मी मी घालनार" चालू असतं. आंघोळ झाली की टॉवेलमधून निसटून पळायचं आणि मागे कोणीतरी चड्डी घेऊन, हे तर घरोघरी आहे, पण मला मनापासून वाटतं की मुलांना राग येतो तो आपण घाईघाईत त्यांचे हात बाहीत कोंबतो त्याचा.

सगळ्यात आधी काढायला शिकवा, घालायला नंतर. मोजे ओढून काढणं तर बऱ्याच मुलांना दीड वर्षाच्या आसपास जमतं.

मग चड्डी, सैल इलॅस्टिकची. तिला बुटक्या स्टूलवर बसवायचं, पाय आपण घालायचे, गुडघ्यापर्यंत चड्डी आणायची आणि थांबायचं, उभं राहून वर ओढायचं काम तिचं. पुढून वर येते आणि मागे ढुंगणाखाली अडकते, हे हमखास होतं, मग तिचे अंगठे धरून मागच्या इलॅस्टिकमध्ये घालून द्यायचे, बस, ओढायचं तिनेच. हे जमलं की चड्डी पोटऱ्यांपर्यंतच आणून सोडायची, मग घोट्यांपर्यंत, शेवटी पाय घालणंही तिच्याकडे. असं शेवटाकडून मागे येत शिकवलं की "घातली!" म्हणायचा मान रोज तिलाच मिळतो आणि त्या आनंदात दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून येते, खरंच येते.

टीशर्टचं भांडण बहुतेक गळ्याचं असतं. तोंडावर कपडा अडकला की अंधार होतो आणि मुलं घाबरतात, म्हणून खांद्यावर टिचबटणं असलेले किंवा मोठ्या गळ्याचेच घ्या. आणि अंग नीट कोरडं करा हो, ओल्या अंगाला बनियन चिकटतं आणि मग आपल्यालाही ओढता येत नाही, तिला कुठून येणार!

पुढून उघडणाऱ्या स्वेटरची एक भारी युक्ती आहे. स्वेटर जमिनीवर उघडून पसरायचा, आतली बाजू वर आणि गळा तिच्या पायांकडे. तिने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात वर करून स्वेटर डोक्यावरून मागे टाकायचा, झालं, अंगात!

हा सगळा सराव संध्याकाळी निवांत करायचा, सकाळी प्लेग्रुपची व्हॅन खाली हॉर्न देत असताना नाही. सकाळी फक्त दोन फ्रॉक समोर धरायचे, यातला कुठला? कपाट उघडून विचारू नका.

बटणांची घाई नको, ती साधारण तीन-चार वर्षांची झाल्यावर जमतात. माँटेसरीच्या वर्गात बटणं, चेन, नाडी लावलेल्या लाकडी चौकटी असतात, कारण स्वतःच्या छातीवरचं बटण मुलांना नीट दिसत नाही, समोरचं दिसतं. घरी बाबाचा जुना शर्ट उशीला घालून दिला तरी चालतो, आणि स्वतःच्या फ्रॉकचं लावायची वेळ आली की सगळ्यात खालच्या बटणापासून सुरू करायचं.

नाडी अजून काही वर्षं आपणच बांधायची.