तुम्ही विचारलंत म्हणून: सण यायच्या आधीच गाणी का?

डिसेंबर लागला की शेजारच्या काकू मला जिन्यात गाठतात. "काय ओ, सण पंचवीसला आणि तुमचं आत्तापासनंच गाणं-बजावणं?" ऑफिसातही हेच विचारतात, जरा अदबीनं. माझ्या हातात नेमकी दुधाची पिशवी असते, म्हणून आजवर "आमच्यात असतंय तसं" एवढ्यावर भागवलं. आता नीट सांगते.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. 30 नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. खरं तर हा सण नव्हेच, सणाची वाट बघणं आहे. जुन्या रीतीत थोडा उपास, थोडं स्वतःकडे बघणं. जांभळा रंग त्याचाच. फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती. त्या रविवारचं लॅटिन नाव 'गौदेते', म्हणजे 'आनंद करा'. हे शब्द बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातले, आणि ते लिहिताना पौल कैदेत होता.

आमच्याकडे स्टीलच्या ताटात सुरूच्या डहाळ्या आणि चार मेणबत्त्या असतात; दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबी मेणबत्ती इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिळाली नाही, म्हणून पांढरीच्या बुडाला रिबन बांधली. (सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसतात.) चौथ्या रविवारपर्यंत पहिलीचं थुटूक उरतं, चौथी ताठ उभी. ही चाल जर्मनीतली. 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांच्या आश्रमातली पोरं रोज "नाताळ कधी?" म्हणून जीव खायची, तेव्हा विखर्न यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या, मधल्या दिवसांच्या लहान. म्हणजे काकूंचा प्रश्न तसा जुनाच.

आणि हो, गाणी इंग्रजी नसतात. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशन आलं 1852 साली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी पदं आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो.

पण आधीच का? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया गाते तेव्हा बाळ जन्मलेलं नाही. लग्न व्हायचंय, गावाला कळलं तर काय, हा घोर आहेच. ती यहूदातल्या डोंगराळ गावी आपल्या नातलग अलीशिबेकडे जाते आणि तिथं गाते. काय गाते? देवानं भुकेल्यांना तृप्त केलं, अधिपतींना आसनावरून खाली ओढलं. सगळा भूतकाळ! प्रत्यक्षात हेरोद राजा आपल्या गादीवर मजेत बसलेला. लहानपणी मला ही व्याकरणाची चूक वाटायची. मग एकदा आईनं खालून हाक मारली आणि मी वरून ओरडले, "आले, आले!" माझी तर अजून वेणीसुद्धा व्हायची होती. मराठी माणूस निघायच्या आधीच आलेला असतो. मरियेचं गाणं मला तेव्हा कळलं.

हे दरवर्षी जमतं असं नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी खालच्या मजल्यावर आलं, पेटी दोन दिवस बुडाली. वाळवली, दुरुस्तीला दिली, तरी दोन पट्ट्या मुक्याच राहिल्या. भिंतींना डिसेंबरातही ओल होती, पापुद्रे सुटत होते. मला गायचं नव्हतं. कसली स्तुती, मनात पंचनाम्याचे कागद. तरी रविवारी बसलो, कारण सासऱ्यांनी पेटी पुढं ओढली होती. मुकी पट्टी आली की ते मान वर करायचे आणि तेवढा सूर आम्ही गळ्यानं भरायचा. चौथ्या कडव्याला सगळ्यांना हसू फुटलं. श्रद्धा वगैरे त्या दिवशी माझ्यात फारशी नव्हती. ती खोलीत होती, आणि मी त्या खोलीत होते.

यंदा काकूंना तिसऱ्या रविवारी चहाला बोलावलंय. जिन्यातनंच म्हणाल्या, "आलेच बघ." अजून आठवडा आहे.