तुम्ही विचारलंत म्हणून: फुटलेल्या जहाजावरची माणसं कशी सापडतात

ऑकलंडला आल्यापासून मी फिजीवाल्या शेजाऱ्यांना त्यांच्या गिरमिटिया (इंग्रजांच्या काळात करारावर मजुरीला नेलेल्या) पूर्वजांचे कागद शोधून द्यायला मदत करते, आणि हे कळलं की जो तो एकच विचारतो, अहो जहाजच फुटलं तर कागदही बुडाले असतील ना, मग शोधता तरी काय?

माणसं बुडाली, त्यांच्या नोंदी राहिल्या. आमच्या शेजारच्या आजींचं घर फिजीत 'सीरियावाले' म्हणून ओळखलं जायचं आणि नातवंडांना वाटायचं आपण सीरिया देशातून आलोय. सीरिया हे जहाजाचं नाव. १३ मार्च १८८४ ला ते कलकत्त्याहून ४९७ प्रवासी घेऊन निघालं आणि ११ मेच्या रात्री फिजीजवळ नासिलाईच्या प्रवाळाच्या खडकावर आदळलं. मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. फिजी सरकारातले डॉक्टर आणि अधिकारी विल्यम मॅकग्रेगर तुटलेल्या डोलकाठीवरून परत परत जाऊन माणसं काढत होते, तरी ५६ प्रवासी आणि ३ खलाशी गेलेच.

आता कागदांचं. प्रत्येकाचा एमिग्रेशन पास कलकत्त्याच्या डेपोतच, म्हणजे जहाजावर चढवण्याआधी मजुरांना ठेवायचे तिथेच भरला जायचा, ते पास आज फिजीच्या राजधानीत, सुवाच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. आधी नावाने शोधू नका, जहाज आणि वर्ष धरा, कारण नाव साहेबाच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, एकच माणूस दोन रजिस्टरात दोन स्पेलिंगने सापडतो. मग बापाचं नाव, जिल्हा, पोलीस ठाणं, गाव जुळवत जायचं. (आपली मराठी माणसंही गिरमिटावर गेली, पण बहुतेक मॉरिशसला. सीरियावर मराठी नाव शोधू नका.)

आजींच्या पणजोबांचा पास मायक्रोफिल्मवर सापडला तेव्हा आम्ही दोघी किती वेळ नुसत्या बघत बसलो. जिल्हा बस्ती, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या भुवईवर व्रण. आजींनी स्वतःच्या भुवईवर बोट फिरवलं. आणि खाली, लग्न झालं असेल तर कोणाशी, या रकान्यात एका बाईचं नाव. आजींची पणजी वेगळी, ती तर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या जहाजाने आलेली. मी पुढचा नंबर उघडला तर त्या रकान्यातल्या बाईचाच पास, वय वीस, तेच गाव. नंतरच्या, हे मजूर जिथे राबले त्या मळ्यांच्या रजिस्टरात पणजोबा आहेत, ती कुठेच नाही.

घरात तिचं नाव कधी कोणी काढलंच नव्हतं, आणि तिला मूलबाळ नाही म्हणजे तिचा शोध घेत कोण येणार होतं? म्हणून मी सगळ्यांना सांगते, आपला माणूस सापडला की लगेच थांबू नका, त्याच्या आधीचा आणि नंतरचा पास पण बघा, नवराबायको, भाऊ, गाववाले बरेचदा लागोपाठच्या नंबरांवर असतात, आणि त्यातल्या कोणाकोणाचं विचारणारं आज जगात कोणीच नाही.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घरचं आहे. यंदा पितृपक्षात आजींनी ते माझ्याकडून हिंदीत कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून पाठ केलं आणि पणजोबांच्या पानाशेजारी दुसरं पान वाढलं.